ललिताची बाजू

या, जरा जवळ सरकून बसा. या जिन्याखाली अंधार आहे, पण तुम्हा चौघा-पाच मुलांपुरती जागा आहे. तुम्हाला एक आख्यान सांगते. माझ्याजवळ टाळ नाही, मृदंग नाही, गळा तर नाहीच. तरी ऐका. हरीचे नाव घेते आणि सुरुवात करते.

मित्रांनो, मी एक जुनी खाट आहे. माझा एक पाय विटांवर टेकलेला आहे आणि उशाकडच्या फळीला वाळवी लागली आहे. पण मी अशीच जन्मले नव्हते. पद्मा नदीच्या काठी, खेतुरी गावाच्या बाजूला गौरहरी मिस्त्री नावाचा सुतार राहत असे. त्याने मला फणसाच्या लाकडातून घडवले. चार हात लांब, दोन हात रुंद. सांधे ठोकून झाल्यावर त्याने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "झाली. एका जिवापुरती."

गौरहरी कीर्तनकार होता. रंधा चालवतानाही त्याचे गाणे सुरूच असे. कृष्ण मथुरेला निघून गेला आणि राधा मागे राहिली, हे आख्यान त्याचे फार आवडते. माझी एकेक फळी ते ऐकत गुळगुळीत झाली. त्याचा एक नियम मी तेव्हाच शिकले. विरहाचे आख्यान विरहावर सोडायचे नाही. श्रोते रडत घरी गेले तर दोष गाणाऱ्याला लागतो. म्हणून उठण्यापूर्वी मिलनाचे एखादे तरी पद गायचेच, मग रात्र कितीही झालेली असो. एकदा त्याच्या शिष्याने घाईत ते पद गाळले, तर गौरहरीने निघालेल्या श्रोत्यांना हाका मारून परत बोलावले आणि पद पुरे केले.

विद्यापीठाच्या गावात, रेल्वेच्या फाटकाजवळ मुलींची एक मेस होती, म्हणजे भाड्याने राहण्या-जेवण्याचे घर. गौरहरीने विकल्यावर तिथे मी अकरा वर्षे राहिले. तिथली रीत अशी की शिक्षण संपवून निघालेली मुलगी आपली खाट मागच्या मुलीला देऊन जाते. अशा सहा मुली माझ्यावर झोपल्या, पाठ करत बसल्या, तापाने फणफणल्या, पास झाल्या. एकीने माझ्या फळीवर रसायनशास्त्राचे सूत्र कोरले होते. "ही खाट कुरकुरत नाही," अशी माझी कीर्ती होती. सातवी आली ती ललिता.

ललिता बर्मन. तिस्ता नदीतल्या एका वाळूच्या बेटावरची. बाप दिगेन बर्मन मासे धरायचा आणि गावच्या नामकीर्तनात मृदंग वाजवायचा. पहिल्याच संध्याकाळी ललिता पुस्तक उघडून बसली आणि वाचता वाचता हळूच गुणगुणू लागली. मित्रांनो, तेच आख्यान! तीच राधा, तेच मथुरेचे जाणे! अकरा वर्षांनी माझ्या लाकडाला आपल्या माणसाचा आवाज कळला.

संध्याकाळी ती एका मिठाईवाल्याच्या दोन मुलांना शिकवायला जाई. त्यावर तिचे खाणे आणि पुस्तके भागत. परत यायला अंधार होई. मेसचे दार लागलेले असे, पण स्वयंपाकीण मोमेना खाला, म्हणजे सगळ्या मुलींची मावशी, कडी काढायला बसलेलीच असे.

कार्तिकात दिगेन बर्मन मुलीला भेटायला आला. चुरमुऱ्यांची पिशवी आणि नारळाचे लाडू घेऊन माझ्या कडेवर अवघडून बसला. त्याच दिवशी जोबैदाही आली होती. ती ललिताहून एक वर्ष पुढे. आधी याच मेसमध्ये होती, आता तिला विद्यापीठाच्या आवारातल्या वसतिगृहात जागा मिळाली होती. वसतिगृहाला सगळे हॉल म्हणत.

"माय, तुला हॉल कधी मिळणार?" दिगेनने विचारले. तो मुलीला मायच म्हणे.

"अर्ज केलाय, बाबा. यादी लागली नाही अजून."

"गावात लोक विचारतात, पोरगी राहते कुठं? विद्यापीठाच्या आत राहते म्हटलं की हात जोडतात. मेसमध्ये राहते म्हटलं की एकमेकांकडं बघतात."

मोमेना खाला दारात उभी राहून कांदा सोलत होती. ती म्हणाली, "का हो दादा, मेस म्हणजे काय जंगल आहे? सतरा वर्षं भात शिजवतेय मी इथं. एक पोर हरवली नाही माझी."

"तुमच्यावर का अविश्वास आहे, बहिणी? पण तुमचं नाव सांगून लोकांची तोंडं बंद होत नाहीत. भिंतीचं नाव सांगितलं की होतात."

"काका, भिंत आहे खरी," जोबैदा हसत म्हणाली. "वाचनालय दोन पावलांवर, नळाला पाणी, सगळं आहे. फक्त डाळ तेवढी अशी की तिच्यात तोंड बघून आम्ही वेणी घालतो."

"मग हिला कशाला ओढतेस तिकडं?" खाला म्हणाली. "वेणी घालायला? अगं, तिथं सूर्य बुडून मगरिबची अजान झाली की फाटक बंद. हिची शिकवणी कशी व्हायची? इथं दार ठोठावलं की मी उघडते. तिथं भिंत जाड, पण भिंतीला माझ्यासारखे कान आहेत का?"

सगळे हसले. दिगेन हसला नाही. तो मान खाली घालून म्हणाला, "माय, मला शिकवायचंय तुला. पण मी एकटा किती दिवस उत्तरं देऊ? पौष संपायच्या आत हॉलमध्ये गेलीस तर शीक हवं तेवढं. नाहीतर घरी चल. माघात पाहुणे यायचं म्हणताहेत."

ललिताची बोटे माझ्या फळीवरच्या त्या कोरलेल्या सूत्रावरून फिरत राहिली.

यादी लागेना. शेवटी जोबैदाच म्हणाली, "तू माझ्याकडं ये. डबलिंग करू."

डबलिंग म्हणजे एका मुलीच्या जागेवर दोघींनी राहायचे. हॉलमधल्या कितीतरी मुली तसे करत. वहीत नाव एकीचेच असते. दुसरी कुठेच नसते. उघडकीला आले तर पहिलीचीही जागा जाते. जोबैदाच्या खोलीतली हॉलची खाट मोडली होती, म्हणून ललिताने मला बरोबर घेतले. सायकलच्या गाड्यावर उलटी घालून त्यांनी मला विद्यापीठाच्या फाटकातून आत नेले. माझे चारही पाय आभाळाकडे होते. मोमेना खाला वळणापर्यंत मागे मागे आली आणि म्हणाली, "ललिता, तिथं करमलं नाही तर ये हो!"

अशी सगळी व्यवस्था झाली. खाट ललिताची, जागा जोबैदाची. दिगेनने गावात सांगितले, मुलगी विद्यापीठाच्या आत राहते. आणि ते खोटे थोडेच होते?

दोन हात रुंदीत दोन मुली. एकीचे डोके उशाकडे, दुसरीचे पायथ्याशी. एकीने कूस बदलायची तर दुसरीला आधी सांगायचे.

"आपा, वळू का?"

"वळ. पण मागच्या वेळेसारखी नाकावर टाच नको. परीक्षेत फोटोवरून ओळखायला हवं मला."

गौरहरीने मला एका जिवापुरती केले होते. पण खरे सांगते, मी कधी कुरकुरले नाही. भिंतीकडची बाजू ललिताची, खिडकीकडची जोबैदाची. खोली तळमजल्यावर, खिडकीसमोरच हॉलचे फाटक. ललिता आता शिकवणी दुपारीच उरके आणि अजान होण्याआधी धावत येई. फाटकावरचे इद्रिस मामा तिला ओळखत. तिच्याकडे न पाहता ते छत्रीची काडी सरळ करत बसत आणि ती आत सटके. पाच आठवडे असे गेले.

पौषाचा तो दिवस. मिठाईवाल्याच्या धाकट्या मुलाचा वाढदिवस होता. त्याच्या आईने खजुराच्या नव्या गुळाची खीर केली होती. "खाऊन जा, ललिता. लेकराच्या वाढदिवसाला तोंड गोड न करता उठू नये," असा तिने आग्रह केला. ललिताला नाही म्हणता आले नाही. जोबैदासाठी तिने डबाभर खीर मागून घेतली. पौषात सूर्य किती लवकर बुडतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

अजान झाली. फाटक लागले. नंतर थोड्याच वेळाने मी ललिताची पावले ऐकली. ती धावत आली होती, तिला धाप लागली होती. एरवी इद्रिस मामांनी काही तरी केले असते. पण त्या दिवशी हॉलच्या नव्या मॅडम स्वतः वही घेऊन फाटकाशी उभ्या होत्या.

"उशीर झालाय? नाव सांग, सही कर," मॅडम म्हणाल्या. "तीन सह्या झाल्या की घरी पत्र जातं, माहीत आहे ना?"

डबा या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला.

"नाव?"

"बेटी, सांग ना," इद्रिस मामा पुटपुटले. पण त्यांना ठाऊक होते. ज्याचे नाव वहीत नाही, त्याने उशिराची सही तरी कुठे करायची? शिक्षा भोगायलासुद्धा वहीत नाव लागते, मित्रांनो.

"कुणाच्या खोलीत राहतेस तू? खरं सांग."

जोबैदा माझ्यावरच बसली होती. हे सगळे तिला ऐकू येत होते. ती उठू लागली. एका पायात चप्पल घातली. दुसरी चप्पल समोर होती, तिच्यात पाय घातला नाही. तशीच बसून राहिली. मला तिचे ओझे कळत होते. उठावे म्हणून एकदा ते हलके झाले आणि पुन्हा जड झाले.

मग बाहेरून ललिताचा आवाज आला. अगदी शांत. "मी इथं राहत नाही, मॅडम. पाहुणी आहे. जोबैदा आपांना डबा द्यायला आले होते. तेवढा पोचवा."

हरी, हरी! जिची खाट, तिने स्वतःला पाहुणी म्हटले. मला चार पाय आहेत. त्या संध्याकाळी त्यांतला एकही चालला नाही.

इद्रिस मामांनी डबा खिडकीतून आत दिला. तो अजून गरम होता. जोबैदाने तो ललिताच्या उशीवर ठेवला. तो उघडला नाही, आणि एका पायातली चप्पलही काढली नाही.

दुसऱ्या दिवशी मोमेना खाला तावातावाने हॉलमध्ये आली आणि माझ्यावर बसून तिने पुढचे सांगितले. ललिता मेसकडे गेली होती. मालकीणबाई म्हणाल्या, "तुझी जागा दिली गं दुसरीला. आणि तुझी खाट तरी कुठाय? थंडीत फरशीवर निजवून मी पाप घेऊ?" खालाने तिला आपल्या झोपडीत नेले, भात वाढला. तो तिने खाल्ला नाही. सकाळी बस धरताना ती म्हणाली, "खाला, आत राहणारीला वहीत सही असते, बाहेर राहणारीला मेसमध्ये जागा. मला कुठलीच नाही. दोन दिवस बाबांकडं जाऊन येते."

"आणि तू काय करत होतीस गं?" खालाने जोबैदाला विचारले. "आत होतीस ना? एवढीशी खिडकी. तोंड तरी काढायचंस."

"खाला, माझी जागा गेली असती."

"गेली असती. मी होते की कडी काढायला."



दोन दिवस झाले, दहा झाले. जोबैदा रोज फोन हातात घेई आणि खाली ठेवी. ती खिडकीच्या बाजूला अंग चोरून झोपे. भिंतीकडची अर्धी जागा रिकामीच राही. झोपेत कूस बदलताना ती पुटपुटे, "वळू का?" विचारण्यासारखे आता तिथे कोणी नव्हते.

फाल्गुनात यादी लागली. जोबैदा धापा टाकत खोलीत आली आणि माझ्यावर बसून तिने फोन लावला. "काका, ललिताला द्या. तिला जागा मिळाली! स्वतःची, तिच्या नावाची! वरच्या मजल्यावर!"

फोनमधला आवाज मला पुसट ऐकू आला. दिगेन म्हणाला, "माघात लग्न झालं गं तिचं. नदीपलीकडं. येऊन तिनं सगळं खरं सांगितलं मला. मला खोटं चालत नाही हे तिला ठाऊक होतं ना... जाताना विचारत होती, तिची बाजू अजून रिकामी आहे का कुणाला दिली."

जोबैदाने काय उत्तर दिले, ते मी सांगत नाही.

फळ्यावरच्या त्या यादीत ललिता बर्मन हे नाव उन्हाने पुसट होईपर्यंत होते. कोणी सही करायला आले नाही. जोबैदा शिकून गेली. जाताना तिने रीतीप्रमाणे मला कोणाला दिले नाही. "ही माझी नाही," एवढेच म्हणाली. ज्याचा मालक सापडत नाही, ते सामान जिन्याखाली जाते. तशी मी इथे आले. वाळवीचे तोंड आता त्या सूत्रापर्यंत पोचले आहे.

मित्रांनो, आत राहणे बरे की बाहेर, असे मला पुष्कळजण विचारतील. मी दोन्हीकडे राहिले आहे. आत भिंत होती, वाचनालय होते, आणि एक वही होती. बाहेर फाटक्या चटईवर बसून कडी काढणारी एक बाई होती. ज्या दिवशी गरज पडली, त्या दिवशी ना ती भिंत ललिताच्या उपयोगी पडली, ना ती कडी. यातून काय निवडायचे, ते मला सांगता येत नाही. एवढेच सांगते. तुम्हीही एक दिवस घर सोडून शिकायला जाल. कुठल्या तरी खिडकीच्या आत बसलेले असाल आणि बाहेर कोणाला नाव विचारले जात असेल. तेव्हा दुसरीही चप्पल पायात घाला.

गौरहरी मला ओरडेल. विरहाचे आख्यान मी विरहावरच सोडते आहे. पण काय करू? मिलनाचे पद माझ्याजवळ नाही. नदीपलीकडून ती कधी आली नाही, आणि मला चालता येत नाही. तुम्हाला परत बोलावून गाण्यासारखे काही असते, तर मी हाका मारून बोलावले असते.

म्हणून एक मागणे आहे. आज झोपताना भिंतीपासून थोडे दूर सरका. भिंतीकडची बाजू रिकामी दिसेल, तेव्हा तिचे नाव घ्या. ललिता बर्मन, तिस्तेच्या बेटावरची. कुठल्याच वहीत तिला जागा मिळाली नाही. तुमच्या स्मरणात तेवढी असू द्या.