निळ्याचा अंदाज

वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी शहरात आले, तेव्हा तिची कादंबरी शेवटच्या प्रकरणात अडली होती आणि त्या प्रकरणात वडील मरत होते.

कादंबरीतले वडील, खरे नव्हेत. पण तेही दुकानांच्या पाट्या रंगवायचे, तेही विचार करताना डाव्या कानाची पाळी चोळायचे. तिनं फक्त गावाचं नाव बदललं होतं आणि मिशी काढून टाकली होती.

सातव्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि खिडकीपाशी एक खुर्ची एवढंच होतं. पहाटे पाच ते आठ ती स्वतःचं लिहायची. नऊ वाजता ऑफिसला जायची. तिथे दुसऱ्यांची आत्मचरित्रं लिहून दिली जात. आतापर्यंत एका शल्यविशारदाचं, दोन कारखानदारांचं आणि एका नटाचं आयुष्य तिनं 'मी' म्हणून लिहिलं होतं. सध्या एक निवृत्त कप्तान आठवड्यातून दोनदा येऊन तिला समुद्र सांगत होता. पुस्तकावर तिचं नाव नसे. सात वर्षं ती या शहरात अशी राहत होती. हजारो दिव्यांमधला एक दिवा तिचा, आणि तो कुणाला वेगळा ओळखू येत नसे, याचं तिला कधीकधी फार बरं वाटायचं.

वडिलांसाठी तिनं तीन आठवडे घरून काम मागून घेतलं. आईचे गुडघे दुखत असल्यामुळे ती येऊ शकली नव्हती. पण दिवसातून चारदा तिचा फोन यायचा.

"त्यांना थेंब घातलेस का?"

"घातले गं."

"डोळ्यातच ना? ते हलतात फार."

पहिला डोळा झाला. पट्टी दोन दिवसांनी निघणार होती. दुसऱ्या डोळ्यानंही सारं धूसरच दिसत होतं. त्या दोन दिवसांत शहरावर धुकं उतरलं. ते पाचव्या मजल्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं, त्यामुळे खिडकीतून बघितलं की उंच इमारतींची फक्त डोकी दिसायची, पाण्यात उभी असल्यासारखी. खालून गाड्यांचा आवाज यायचा, पण गाड्या दिसत नव्हत्या. वडील पलंगावर उताणे पडून तो आवाज ऐकत राहायचे.

"इतका वेळ टकटक करतेस, तर लिहितेस तरी काय?" दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी विचारलं.

"एक गोष्ट आहे."

"वाच की मग. मला नाहीतरी दुसरा धंदा काय आहे!"

मधलंच एखादं निरुपद्रवी पान वाचावं, असा तिचा विचार होता. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. समोर उघडलं ते शेवटचंच प्रकरण. आता मागे फिरणं बरं दिसलं नसतं. ती वाचत गेली. पेंटर शिडीवर चढतो, पाटीचं शेवटचं अक्षर रंगवतो, शिडी सरकते. तिथे तिनं वाचायचं थांबवलं.

"शिडी कशावर उभी होती?" वडिलांनी विचारलं.

"फरशीवर."

"ओली?"

"हो. आदल्या रात्री पाऊस झालेला असतो."

"आणि शिडीखाली गोणपाट नव्हतं?"

"...नव्हतं."

"मग तो पेंटर नव्हे. मरू दे त्याला."

ती हसली. तिला वाटलं, सुटले. पण वडिलांनी कानाची पाळी चोळायला सुरुवात केली होती.

"यात तुझी आई कुठे आहे? तीही गेली का?"

"नाही. तिला लिहिलंच नाहीये."

"हे तिला बोलू नकोस हं. एक वेळ मेलेलं चालेल तिला, वगळलेलं नाही चालणार."

मग त्यांनी मधलं एक पान परत वाचायला लावलं. त्यात पेंटरची मुलगी शाळा सुटल्यावर शिडीखाली येऊन उभी राहते. पेंटर तिच्याकडे बघत नाही. एकेक पायरी मुद्दाम सावकाश उतरतो, जणू खाली कुणी नाहीच. हे पान तिला स्वतःला सगळ्यात आवडायचं. ते तिनं अकरा वेळा लिहिलं होतं.

"तो घाबरत नाही का?" वडील म्हणाले.

"कशाला?"

"उंचीला."

"पेंटर कशाला घाबरेल?"

"मी घाबरायचो." ते पट्टीआडून छताकडे बघत असावेत. "रोज. चाळीस वर्षं. चौथ्या पायरीपासून पाय लटपटायला लागायचे. चढताना निभावायचं, कारण डोळे वर असतात. उतरताना फजिती. तू खाली उभी असायचीस आणि मला भीती, की पोरीला माझे पाय दिसतील. म्हणून खाली बघायचंच नाही. एक पाय ठेवायचा, थरथर थांबू द्यायची, मग दुसरा."

"मग हे काम का धरलंत?"

"अक्षरं छान यायची मला. आणि लोकांना अक्षरं वरच लागतात. त्याला मी काय करू?"

वर्षभर ती त्या कप्तानाला विचारत होती, वादळात तुमच्या मनात काय चाललं होतं, हात कसे होते, तोंडाला कोरड पडली होती का. वडिलांना तिनं असलं काही कधी विचारलं नव्हतं. संध्याकाळी त्यांना डुलकी लागल्यावर तिनं ते अकरा वेळा लिहिलेलं पान काढून टाकलं. मग शेवटचं प्रकरणही काढलं. कादंबरीला आता शेवट नव्हता, आणि कितीतरी महिन्यांनी तिला शांत झोप लागली.

तिसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर वडील खिडकीतल्या खुर्चीत बसले. धुकं विरलं होतं. त्यांनी एक डोळा मिटला, मग तो उघडून दुसरा मिटला. परत पहिला. तिला वाटलं काहीतरी बिघडलं.

"बाबा, दुखतंय का?"

"या डोळ्यानं तुझी भिंत पांढरी आहे," ते म्हणाले. "आणि त्या डोळ्यानं पातळ चहासारखी."

मग त्यांनी आकाशाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"इतका निळा असतो हा?"

"कोण?"

"निळा."

दिवसभर ते आळीपाळीनं एकेक डोळा मिटून आकाश बघत राहिले, आईचा फोनसुद्धा घेतला नाही. रात्री जेवताना त्यांनी घास खाली ठेवला. "गेली आठ-दहा वर्षं मला निळा मळका दिसत होता, म्हणून मी डब्यात नुसता निळाच ओतत राहिलो. शाळेची पाटी, दवाखान्याची पाटी, वाचनालयाची... काय दिसत असतील गं त्या? आणि कुणी एका शब्दानं बोललं नाही मला."

तिला शाळेची पाटी आठवली. मागच्या खेपेला एसटीतून उतरताना ती दोन चौकांवरून दिसली होती. डोळ्यात घुसणारा निळा. तिला वाटलं होतं, बाबांना म्हातारपणी हौस आली. तिनंही विचारलं नव्हतं.

दुसरा डोळा झाल्यावर वडिलांनी धोशा लावला, घरी चल म्हणून. सगळ्या पाट्या नव्यानं रंगवायच्या. डॉक्टरांनी महिनाभर शिडीला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. महिना त्यांनी कसाबसा काढला, तोही गावी, आईच्या पहाऱ्यात. मग तिला त्यांचा फोन आला. "चार दिवस ये. शिडी धरायला माणूस हवं."

ती गेली. वडिलांनी परसात बसून निळा कालवला. थेंब थेंब पांढरा टाकत, दर वेळी वर आभाळाकडे बघत. डबा, ब्रश, गोणपाट घेऊन दोघं शाळेपाशी गेली. शिडी लावली. तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि या वेळी मान वर केली. वडील चढू लागले. चौथ्या पायरीवर त्यांच्या पँटची घडी थरथरायला लागली.

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई बाहेर आल्या. "पेंटरकाका, काय करताय?"

"रंग चुकलाय बाई. दुरुस्त करतो."

"अजिबात नाही! उतरा आधी."

"अहो, भडक आहे तो."

"आहेच भडक. पहिलीतली पोरं शाळेचं नाव सांगत नाहीत, 'निळी' सांगतात. एवढीशी पोरं वाट चुकत नाहीत त्या रंगापायी. तुम्ही तो उतरवलात तर मी रोज कुणाकुणाला शोधत फिरू?"

वडील वरच उभे राहिले. त्यांनी पाटीवर तळवा ठेवला, गुराच्या पाठीवर ठेवावा तसा. मग ते उतरले, एक पाय, थोडं थांबून दुसरा, आणि उतरताना त्यांनी खाली तिच्याकडे बघितलं.

दवाखान्यात नि वाचनालयातही तेच. कंपाउंडर म्हणाला, रात्री चंद्र असला की ती पाटी लांबून पाण्यासारखी दिसते, लोक सहज चालत येतात. वडिलांना हे खरं वाटलं नाही, पण त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं.

कालवलेला रंग तसाच उरला. झाकण लावलं तरी तो आठवड्याभरात घट्ट झाला असता. घरी आल्यावर वडिलांनी कुणाला न विचारता स्वयंपाकघराच्या खिडकीची लाकडी झडप उतरवून घेतली आणि आतून रंगवायला बसले.

"मला विचारलंत?" आई म्हणाली.

"नाही."

"कडेचं नीट करा मग. तिथं नेहमी सुटतं तुमचं."

लेकीनं ऑफिसला फोन करून आणखी आठ दिवस मागितले. कप्तानाला निरोप दिला, की समुद्र जागचा हलणार नाही. सकाळी तिला जाग आली तेव्हा झडप परत लावून झाली होती, अर्धी उघडी. उन्हं झडपेवरून आत येत होती आणि भांडी, आईचे हात, ओट्यावरचं पीठ, सगळ्यांवर एक फिकट निळी झाक पसरली होती. ती वही घेऊन जमिनीवर बसली.

"आई," ती म्हणाली, "बाबा तुला पहिल्यांदा दिसले तेव्हा तू काय करत होतीस?"

आईनं पिठाचे हात झटकले. "बस नीट," ती म्हणाली, "लांबण आहे."