ती दाबते तेवढी रेस

इमारतींच्या पाण्याच्या टाक्या धुण्याच्या धंद्यात त्या नवरा-बायकोला अकरा वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी कामाची जी वाटणी झाली तीच पुढे चालू राहिली. तो गच्चीवर, टाकीच्या आत, हातात फवाऱ्याची बंदूक घेऊन. ती खाली रस्त्यावर, ट्रकच्या केबिनमध्ये, उजवा पाय पेडलवर ठेवून.

पंप ट्रकच्या इंजिनावर चालत असे. इंजिन नुसतं चालू ठेवलं तर गच्चीवर पाणी पोचायचं ते चूळ भरण्यापुरतं. रेस जास्त दिली तर पाइप फुटायचा. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पेडल दाबून धरायचं, आणि टाकी धुऊन होईपर्यंत ते तिथेच ठेवायचं, एवढं तिचं काम. टाकीत फोन लागत नसल्यामुळे खुणा पाइपावरून चालत. एक झटका म्हणजे वाढव, दोन म्हणजे कमी कर, तीन म्हणजे झालं, चहा सांग.

तिच्याऐवजी दुसरं काही वापरून बघितलं नव्हतं असं नाही. सुरुवातीला पेडलवर दगड ठेवला होता. तो इंजिनाच्या थरथरीने घसरला. मग वीट ठेवली. दगडापेक्षा वीट मऊ असं म्हणतात, पण पेडलला फरक कळला नाही. दोन वेळा माणूसही ठेवून पाहिला. दोघेही विसाव्या मिनिटाला झोपले, आणि झोपलेल्या माणसाचा पाय जड होतो हे पाइप फुटल्यावर कळलं. तिला झोप लागत नसे. तिचा फक्त उजवा पाय नोकरीला होता, बाकीची ती मोकळी होती. त्या मोकळ्या वेळात तिने मटार सोलले, चार स्वेटर विणले, थोरल्या बहिणीची सगळी भांडणं फोनवर मिटवली, आणि शेवटच्या दोन वर्षांत स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून एक परीक्षा दिली.

परीक्षेत ती पास झाली आणि मोठ्या दवाखान्यातून पत्र आलं. नोंदणीच्या खिडकीवर जागा होती. अमुक सोमवारी सकाळी आठ वाजता हजर व्हावं, न झाल्यास यादीतल्या पुढच्या नावाला बोलावण्यात येईल. नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं, चांगलं आहे म्हणाला, आणि खाली जाऊन ट्रकचं बॉनेट उघडलं.

तो अटी घालणारा माणूस होता. पेडल धरून ठेवणारं काहीतरी यंत्र तो घरीच बनवणार, आणि त्या यंत्राने, तिचा पाय न लागता, ओळीने सात इमारती करून दाखवायच्या. एक जरी चुकली तरी मोजणी पुन्हा एकपासून. यंत्राने सात केल्या की ती मोकळी. एकदा टाकीत उतरल्यावर खाली काय बिघडलं ते त्याला दिसणार नव्हतं, तेव्हा हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. तिने कबूल केलं. तेव्हा हातात सोळा दिवस होते.

यंत्रासाठी त्याने मागच्या गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. वायरमनने भंगारातली वायपरची मोटर आणि सायकलच्या ब्रेकची केबल आणली. मोटर केबल ओढणार, केबल इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाचा दांडा ओढणार, इंजिनाची रेस वाढणार. कल्पना साधी होती. हँडब्रेक ओढलेला असेल तरच मोटर फिरावी, अशी सोयही त्याने केली. मग पाना खाली ठेवून त्याने विचारलं, रेस नेमकी किती ठेवायची.

“ती दाबते तेवढी,” नवरा म्हणाला.

“म्हणजे किती?”

हे कुणालाच माहीत नव्हतं. ट्रकच्या डॅशबोर्डवर रेस दाखवणारा काटा होता. गाडी घेतली त्या दिवसापासून तो शून्यावर होता, गाडी उभी असो की चढावर असो. अकरा वर्षांचा तो आकडा फक्त तिच्या पायाला ठाऊक होता, आणि पायाला कुणी विचारलं नव्हतं.

वायरमन दुकानातून इंजिनाचे मिनिटाचे फेरे मोजणारा मीटर घेऊन आला. तिला केबिनमध्ये बसवून तीन वेळा पेडल दाबायला सांगितलं. तेराशे वीस. तेराशे वीस. तेराशे दहा.

“तिसऱ्या वेळी शिंक आली,” ती म्हणाली.

वायरमनने मीटर उलटसुलट करून पाहिला. कंपनीचं मशीनसुद्धा पन्नास इकडेतिकडे जातं म्हणाला, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने १३२० लिहिलं. हे मोजताना पंप जोडलेला नव्हता, कारण गल्लीत पाणी सोडलं असतं तर समोरच्यांचं वाळत घातलेलं भिजलं असतं. ही गोष्ट महत्त्वाची आहे असं तेव्हा तिघांपैकी कुणालाही वाटलं नाही.

पहिल्या दिवशी वायपरची मोटर वायपरसारखी वागली. गेली आणि परत आली. इंजिन मिनिटाला चाळीस वेळा चढलं आणि उतरलं. सासूबाई गॅलरीत आल्या आणि गाडीला दमा झालाय का म्हणून विचारलं. वायरमनने मोटर योग्य जागी थांबेल असा स्विच बसवला. चौथ्या दिवशी तो स्विच अडकला, मोटर थांबलीच नाही आणि तीस फूट पाइप फुटला. सहाव्या दिवशी केबलचा आकडा निसटला. नवव्या दिवशी यंत्र ठीक होतं, पण हँडब्रेक ओढायचा राहिल्यामुळे मोटर फिरलीच नाही. तो दोष यंत्राचा की माणसाचा यावर नवरा-बायकोत थोडी चर्चा झाली. मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली.

वायरमन आता यंत्राला सवत म्हणू लागला होता. “वहिनी, तुमची सवत जरा हट्टी आहे,” तो बॉनेटखालून सांगायचा, “पण नांदेल.”

सासूबाईंना हा विनोद आवडला नाही. अकरा वर्षं सुनेला पेडलवर बसवलं, आता ती उठायची झाली तेव्हा मोटर बसवतोयस, आधी का नाही सुचलं, असं त्यांनी मुलाला जेवताना विचारलं. तो म्हणाला, आधी गरज नव्हती.

“कुणाला?” सासूबाई म्हणाल्या आणि ताक पुढे केलं.

शेवटच्या आठवड्यात यंत्र सुधारलं. गुरुवारी तीन इमारती झाल्या, शुक्रवारी दोन. पाचही तीन-चार मजल्यांच्या होत्या. नवऱ्याने वहीत पाच बरोबरच्या खुणा केल्या. शनिवारी दोन कामं होती, रविवारी एकही नव्हतं, आणि सोमवारी दवाखाना होता. म्हणजे शनिवारी दोन्ही इमारती सुरळीत व्हायलाच हव्या होत्या.

सहावी इमारत आठ मजली होती. अटीप्रमाणे ती केबिनमध्ये सीटवर मांडी घालून बसली होती, पाय पेडलच्या आसपासही नको म्हणून. नवरा वर गेला. पाइप ताठला, त्याने बंदूक उघडली, आणि इंजिनाचा आवाज बसला. फार नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाला कळलाही नसता. ती अकरा वर्षं तो आवाज ऐकत होती, तिला कळला. पाइपाला एक झटका बसला. मग दुसरा, थोड्या वेळाने.

दोन झटके एकत्र असते तर अर्थ वेगळा होता. हे वेगवेगळे दोन होते. वाढव, आणि पुन्हा, वाढव.

तिने मांडी सोडली, चप्पल काढली आणि पेडल दाबलं. दोन बोटं खाली गेल्यावर आवाज जागेवर आला. झटके थांबले. पुढची पंचवीस मिनिटं तिने काही वाचलं नाही, काही विणलं नाही. तीन झटके आल्यावर तिने पाय काढला, चप्पल घातली, चहा सांगितला आणि पुन्हा मांडी घातली.

नवरा ओल्या कपड्यांनी खाली आला. मध्येच जरा पडलं होतं, मग आपोआप सावरलं, असं म्हणाला. तिने पेल्याला हात लावून चहा गरम आहे का ते पाहिलं.

“चाललं ना?” त्याने विचारलं.

“चाललं.”

त्याने वहीत सहावी खूण केली. सातवी इमारत तीन मजल्यांची होती. तिथे खरोखरच कुणाची मदत लागली नाही.

सोमवारी ती साडेसातला घरातून निघाली. नवरा पावणेआठला एकटा निघाला. पहिलं काम चार मजल्यांचं होतं, ते झालं. दुसरी इमारत नऊ मजल्यांची होती. तो टाकीत उतरला, बंदूक उघडली, आणि पाण्याची धार समोरच्या भिंतीपर्यंत न जाता त्याच्या पायावर पडली. सवयीने त्याने पाइपाला एक झटका दिला. मग खाली कुणी नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो टाकीतून बाहेर आला.

इमारतीला लिफ्ट होती, पण ती ओल्या कपड्यांच्या माणसासाठी नव्हती. नऊ मजले उतरून त्याने बॉनेट उघडलं. केबल ताठ होती. आकडा जागेवर होता. मोटर जिथे थांबायची तिथेच थांबली होती. वायरमनचा स्विच गरमसुद्धा झाला नव्हता. त्याने सगळं दोनदा तपासलं आणि एकही बिघाड सापडला नाही.

बिघाड सापडला असता तर बरं झालं असतं. बिघाड नाही याचा अर्थ यंत्र पहिल्यापासून असंच होतं. उंच इमारतीवर पंपाला जोर जास्त लागतो, इंजिन दबतं, आणि हे यंत्र ढिम्म हलत नाही. म्हणजे शनिवारी आठ मजल्यांवरही ते पडलंच असणार. आणि तिथे ते आपोआप सावरलं होतं.

तो काही वेळ केबिनमध्ये बसला, तिच्या जागेवर. तिथून पेडल अगदी सहज पायाखाली येत होतं. वही डॅशबोर्डवरच होती. आपल्याच अटीप्रमाणे सहावी खूण खोडायला हवी, आणि मोजणी पुन्हा एकपासून, आणि तोवर ती गाडीत, हे त्याला न लिहिता कळत होतं. त्याने घड्याळ पाहिलं. साडेअकरा झाले होते. दवाखान्यातली खिडकी उघडून साडेतीन तास झाले असणार. त्याने वही सीटखाली टाकली.

मग मोटर कुठे थांबते ते ठरवणारी स्विचची पट्टी त्याने अंदाजाने पुढे सरकवली आणि वर गेला. कमी पडलं. खाली आला, आणखी सरकवली, वर गेला. आता जास्त झालं. बंदूक बंद केली की पाइप अजगरासारखा वळवळायचा. तेव्हा टाकी होईपर्यंत त्याने ती एकदाही बंद केली नाही. उतरून त्याने हिशोब केला. तीन वेळा वर, तीन वेळा खाली, चोपन्न मजले. तिथल्या वॉचमनने चौकशी केली, आज बाई नाहीत का. तो म्हणाला, नाहीत, दवाखान्यात आहेत. वॉचमनने काळजी घ्या म्हणून सांगितलं.

संध्याकाळी ती त्याच्या आधी घरी आली होती. सासूबाईंना खिडकीवरच्या गोष्टी सांगत होती. एकशे बत्तीस माणसं आली. एकाने वयाच्या रकान्यात फोन नंबर सांगितला, आणि मग फोन नंबर विचारल्यावर तोच पुन्हा सांगितला. तो आत आला, पाय धुतले, टॉवेल घेतला आणि केस पुसत तिच्यासमोर बसला.

“शनिवारी,” तो म्हणाला, “तू पेडल किती दाबलं होतंस?”

तिने नजर चुकवली नाही. “दोन बोटं.”

“किती वेळ?”

“तुम्ही बंदूक बंद करेपर्यंत.”

“मध्ये मी ती बंद करायचो तेव्हा?”

“तेव्हा सोडायचे. आवाज चढतो ना.”

त्याने मान हलवली. अकरा वर्षं ती हेच करत होती, आणि त्याला वाटत होतं की ती पाय एका जागी ठेवून बसते. शनिवारपर्यंत तिलाही तसंच वाटत होतं. तेराशे वीस हा आकडा बरोबरच होता. आवाज तेराशे वीसवर राहावा म्हणून पाय कुठे कुठे जातो, तेवढं मोजायचं राहिलं होतं.

“हे शनिवारी सांगितलं असतंस तर आज माझे चोपन्न मजले वाचले असते.”

“शनिवारी सांगितलं असतं तर आज मी गाडीत असते.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सासूबाई आळीपाळीने दोघांकडे पाहत होत्या. काय झालंय हे त्यांना नीट कळलं नव्हतं, पण कुणाची बाजू घ्यायची ते ठरलेलं होतं.

“चोपन्न मजल्यांनी काही होत नाही,” त्या म्हणाल्या. “पोट उतरेल.”

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला आणि उद्या किती वाजता निघायचंय ते तिला विचारलं. ती म्हणाली साडेसात, उशीर झाला तर चालत नाही, रांग आधीच लागलेली असते.

“मग सात वाजता दहा मिनिटं केबिनमध्ये बस. वायरमनला बोलावतो. या वेळी पंप जोडून, पाणी सोडून बघू. पाय कुठून कुठे जातो तेवढं फूटपट्टीने मोजून घेतो.”

“समोरच्यांचं वाळण भिजेल.”

“भिजू दे.”

ती उठली आणि दवाखान्याची साडी इस्त्रीला घ्यायला आत गेली. दारातून म्हणाली, “पावणेसातला बसते. साडी भिजली तर बदलायला वेळ हवा.”