खणातला थर्मामीटर

मित्रांनो, शिवणयंत्राच्या खणात, टेप आणि खडूच्या शेजारी राहणारा मी एक जुना थर्मामीटर आहे. कारखान्यात माझ्या पोटात पारा भरला, अंगावर रेघा ओढल्या, तेव्हापासून माझं एकच काम, खरं तेवढंच सांगायचं. त्याचा मला जरा गर्वच आहे.

या घरातली आई शिवणकाम करते. तिच्या लेकीने लहानपणी शाळा बुडवायला मला गरम चहात बुडवलं होतं. "एकशे आठ!" आई म्हणाली. "मग शाळा नकोच, बंबवाल्यांनाच बोलावते." माझी नाचक्की झाली, पण दोघी पोट धरून हसल्या. पुढे लेक मोठी झाली आणि मी खणात धूळ खात पडलो.

गेल्या वर्षी आईला कॅन्सर झाला. औषध घरीच घ्यायचं होतं, चौदा दिवस गोळ्या, सात दिवस सुट्टी. रोज सकाळी माझी पाळी. ताप शंभराच्या वर गेला की तडक दवाखाना गाठा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोळ्यांनी आईचे तळपाय सोलले, मशीनचं पायडल मारणं बंद झालं, तरी तिने हूं की चूं केलं नाही.

एके सकाळी मला तोंडात धरण्याआधी तिने गुपचूप बर्फाचा खडा चघळला. मी सत्त्याण्णव दाखवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. या वेळी कुणी हसलं नाही, कारण कुणाला कळलंच नाही. मला फार लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी तिने दोन खडे चघळले. पारा जागचा हलेना. लेकीने मला उजेडात धरून पाहिलं.

"आई, चहात बुडवणारीला फसवतेस होय? जीभ दाखव."

आईला रडूच फुटलं. "ताप कळला की गोळ्या थांबवतील गं. मग ते दुखणं परत वाढेल."

"आणि तापाने तूच गेलीस तर गोळ्या कुणाला देऊ?"

पंधरा मिनिटांनी मी खरं सांगितलं, एकशे एक. आईला चार दिवस दवाखान्यात ठेवलं. आणखी उशीर जिवावर बेतला असता, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या आठवडाभर थांबल्या, मग थोड्या कमी करून पुन्हा सुरू झाल्या.

मित्रांनो, मी काचेचा आहे, मला जपाच. पण आपल्या माणसांपासून दुखणं लपवायला मला कधी वापरू नका.

आज सकाळी लेकीने तापाच्या वहीत लिहिलं, 'अठ्ठ्याण्णव'. आईने तिच्या हातातलं पेन घेतलं आणि पुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पाणीसुद्धा न पिता'.