बांधलेलं पाणी

तळेवाडीच्या महादेवासमोर त्या दिवशी सकाळी सातलाच जमलेली गर्दी टँकरच्या गर्दीहून मोठी होती. गावाच्या नावात तळं असलं तरी गावात ते कधीच नव्हतं, आणि त्या साली विहिरींनीही तळ दाखवला होता. लातूर जिल्हा होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याची बोअरची गाडी परवा गावात यायची होती, आणि गावाला बोअर एकच मिळणार होती. सरकारच्या भूजल खात्याच्या लोकांनी पाहणी करून बोअरच्या जागेवर पांढरा दगड रोवला होता. तो गौरम्मा नावाच्या विधवा बाईच्या शेताला लागून, ओढ्याकाठी.

मी रेणापूर रस्त्यावरच्या दवाखान्यातला जनावरांचा डॉक्टर. छावणीतल्या गुरांना टोचायला आलो होतो. गुरं जागेवर होती, पण त्यांना धरणारं माणूस एकही नव्हतं. सगळी देवळात, म्हणून मीही तिकडे गेलो.

सभामंडपात जलसिद्ध महाराज बसले होते. तीन दिवस त्यांचा मुक्काम गावचे पुढारी आप्पासाहेब यांच्याकडे होता. आप्पासाहेबांना ती बोअर स्वतःच्या शेताच्या कोपऱ्यात हवी होती, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तरी सगळे हात जोडून उभे.

"भक्तहो, जमिनीखाली समुद्र आहे समुद्र!" महाराज म्हणाले. "पण पाणी बांधलेलं आहे. कुणीतरी त्याला गाठ मारली आहे. पाण्याच्या लहरी असतात, लहरींचं चुंबक असतं, आणि ते चुंबक रुद्राक्षाला कळतं. अमेरिकेतले सायंटिस्ट हे आत्ता कुठं शिकून राहिले!"

लहरी, चुंबक आणि अमेरिका. या तीन शब्दांवर या देशात काहीही खपतं.

रुद्राक्ष मात्र त्यांनी स्वतः धरला नाही. तीच तर त्यांची हुशारी. "मी धरला तर म्हणाल, महाराजांनीच हलवला. गावात कधी खोटं न बोललेला माणूस कोण?"

सगळ्यांच्या माना शिवप्पांकडे वळल्या. सत्तरी उलटलेले, गळ्यात लिंग, कपाळावर भस्म. शेताच्या हद्दीची भांडणं त्यांच्या एका शब्दावर मिटत. ते गौरम्माचे थोरले दीर; तिचा नवरा वारल्यावर त्या घरात वडीलधारं माणूस म्हणजे तेच.

पितळी परातीत चार दिशांना चार बेलाची पानं ठेवली. महाराजांनी शिवप्पांच्या चिमटीत दोरा दिला. दोऱ्याच्या टोकाला रुद्राक्ष. मग त्यांच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "आजोबा, बोलू नका. फक्त मनात आठवा, एवढ्या दुष्काळात कुणाची विहीर अजून ओली आहे? आणि नजर रुद्राक्षावर ठेवा."

शिवप्पांचा हात स्थिर दिसत होता. तरी रुद्राक्ष थरथरला, हळूहळू डुलायला लागला आणि मग चांगला पूर्व-पश्चिम झोके घ्यायला लागला. बायकांनी गालावर हात मारून घेतले.

"पूर्व!" महाराज गरजले. "पूर्वेला कोण राहतं?"

पूर्वेला गौरम्मा राहायची. तिची विहीर ओली असली तरी ते पाणी पुरत नव्हतं, म्हणून ती टँकरच्या रांगेत होती; तिथून तिला बोलावून आणलं. ती कमरेवरची घागर घेऊनच आली.

"बाई, खरं सांग. पाणी तू बांधलंस?"

"हाव, म्याच बांधलंय की," गौरम्मा म्हणाली. "मागल्या उन्हाळ्यात. म्या आन् माझ्या लेकीनं. का हो?"

ओघळीत आडवी दगडमाती घालून पाणी थोपवायचं, याला त्या गावात पाणी बांधणं म्हणतात. रोजगार हमीच्या कामावर बाई ते शिकली आणि स्वतःच्या शेतात तिनं ते करून दाखवलं. म्हणून भादव्यात पडलेल्या दोन सरी तिच्या मातीत मुरल्या, म्हणून तिच्या विहिरीत गुडघाभर पाणी होतं, आणि म्हणूनच भूजलवाल्यांचा दगड तिथं बसला होता. तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. पण देवळात उभ्या माणसांना दुसरंच बांधणं ऐकू आलं: काळ्या दोऱ्याचं, लिंबाचं, करणीचं.

"कबूल झाली! तोंडानं कबूल झाली!"

"आवो, बांध घातलाय, बांध!" ती ओरडत होती. तिचं ऐकायला कुणाला कान नव्हते.

आप्पासाहेबांनी निकालही दिला. हिला टँकरचं पाणी बंद. दुपारच्या आत तो बांध फोडायचा आणि सरकारी दगड तिथून हलवायचा. पाच-सहा जण कुदळी घेऊन निघालेसुद्धा. एकानं तिच्या कमरेची घागर ओढून पायरीवरून खाली भिरकावली. ज्यांच्या लेकरांना या बाईनं परवापर्यंत आपल्या विहिरीचं पाणी पाजलं, तीच ही माणसं. माझं डोकं फिरलं.

"रुद्राक्ष जेवढा पूर्वेला जात होता, तेवढाच पश्चिमेला जात होता," मी ओरडलो. "पश्चिमेला कोण राहतं?"

पश्चिमेला आप्पासाहेबांचं घर होतं.

"डॉक्टर, तुम्ही म्हशी तपासा," आप्पासाहेब म्हणाले.

"त्याच तपासणार होतो. त्यांना निदान कुणी बाईवर सोडत नाही."

शिवप्पा मात्र माझ्यावर संतापले. "म्हंजी माझा हात खोटा म्हणून राहिले का तुमी?"

"नाही. तुम्ही खोटे नाही, हे मला माहीत आहे. डोळ्यांवर उपरणं बांधून पुन्हा धरा."

"बांधा. आत्ता बांधा!"

महाराज "लहरी तुटतील, लहरी तुटतील" म्हणत राहिले, पण शिवप्पांना अडवायची छाती कुणाची? डोळे बांधले. दोरा चिमटीत, रुद्राक्ष परातीवर. आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. रुद्राक्ष जागच्या जागी थरथरला, एकदा दोऱ्याभोवती फिरला आणि लटकत राहिला.

मी उपरणं सोडलं. "आता डोळे उघडे ठेवा आणि मनात म्हणा, हा उत्तर-दक्षिण जाणार. हात मुद्दाम हलवू नका."

रुद्राक्ष डुलला. वळला. आणि उत्तर-दक्षिण झोके घ्यायला लागला. उत्तरेला गाभारा होता.

"पाणी महादेवानं बांधलंय!" मी म्हणालो. "घ्या कुदळी आणि फोडा पिंड! का, आता का हात उचलत नाही?"

पुढच्या रांगेतल्यांनी पिंडीला हात जोडले.

मग मी त्यांना समजावलं. मनात एखादी दिशा घट्ट धरली की बोटं त्या दिशेला केसभर सरकतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. लांब दोरा त्या केसभराचा झोका करतो. झोका डोळ्यांना दिसला की मनाची खात्री होते, आणि बोटं आणखी सरकतात. डोळे बांधले की हा सगळा खेळ थांबतो. म्हणून तर महाराजांना प्रामाणिक माणूस लागतो. लबाड माणूस मुद्दाम हलवतो आणि पकडला जातो; प्रामाणिक माणसाला आपण हलवतोय हेच कळत नाही.

शिवप्पा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग सगळ्यांसमोर, शब्द तोडत म्हणाले, "महाराजानं ओल्या हिरीचं नाव काढलं, तवा माझ्या मनात गौरम्माच आली. लई दिसापासून मनात हाय. माझी हीर आटली, हिचीच कामून ओली? तोंडानं कधी बोललो न्हाई. हातानं बोललो."

एवढं खरं बोलायला केवढं धैर्य लागतं! त्या गर्दीत ते एकाच माणसाकडे होतं.

महाराज कधी सटकले कळलं नाही. ते हदगावकडच्या गाडीत बसले, असं नंतर ऐकलं. तिथंही दुष्काळ होता आणि तिथंही एखादी गौरम्मा असेलच.

आम्ही शेतात पोचेपर्यंत कुदळवाल्यांनी बांधाला हातभर रुंद खिंड पाडली होती. शिवप्पांनी एकाच्या हातातली कुदळ काढून घेतली आणि खिंड बुजवायला स्वतः माती ओढायला लागले. गौरम्मा चेमटलेली घागर घेऊन काठावर उभी होती.

"भावजी," ती म्हणाली, "उद्या कुणी इचारलं तर काय सांगू? पाणी बांधलं म्हणू, का न्हाई?"

"बांधलं म्हण," शिवप्पा म्हणाले. "मोठ्यानं म्हण."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी गाडी आली आणि बोअर पांढऱ्या दगडाच्या जागीच घेतली. पण पाणी किती लागलं, हे मी सांगणार नाही. बोअर कोरडी गेली असती, तरी ती बाई निर्दोषच होती. माझं एवढंच सांगणं आहे: दोऱ्याला लटकलेल्या वस्तूकडून माणसाचा न्याय करून घेऊ नका. कुणाकडे बोट वळलं, तर आधी आपल्या मनात काय होतं ते तपासा. आणि जिच्याविरुद्ध सगळं गाव ओरडतंय, ती काय म्हणतेय ते एकदा नीट ऐकून घ्या. गौरम्मा पहिल्या शब्दापासून खरंच सांगत होती.