सासऱ्यांनी भरलेला रेडिएटर

जावयाच्या कामात नाक खुपसायचं नाही, असं सुमित्राबाईंनी नागपूरहून निघतानाच नवऱ्याला बजावलं होतं. त्र्यंबकरावांनी मान डोलावलीही होती. पण सरकारी नोकरीत जन्मभर पाण्याच्या टाक्या बांधून घेतलेला माणूस तो. समोर पाणी आणि लोखंड दिसल्यावर गप्प बसेल तर शपथ!

लेकीचं इंग्लंडमधलं, श्रूजबरीचं घर जुनं होतं. मागच्या खोलीतला, आत गरम पाणी फिरवून ऊब देणारा बिडाचा रेडिएटर बाद झाल्यामुळे ती खोली हिवाळाभर बंदच असायची, आणि सावनीने बाळासाठी नेमकी तीच निवडलेली. तिथे ऊन छान येतं म्हणे. नववा महिना लागलेल्या पोरीला नाही कोण म्हणणार? मग तिच्या नवऱ्याने, ऋषीने, तो अवजड ऐवज मित्रांच्या मदतीने गॅरेजमध्ये उतरवला आणि शनिवार-रविवार त्याच्या मागे लागला. जुन्या रंगात शिसं असतं म्हणून मास्क लावून, रसायनाचा लेप देऊन त्याने रंगाचे थर काढले; सावनीला गॅरेजच्या दारातसुद्धा उभं राहू दिलं नाही. आतला गाळ धुतला, कप्पे सुटे करून सांधे नवे बसवले. रंगाखालून वेलबुट्टीची नक्षी निघाली तेव्हा त्र्यंबकराव मनापासून म्हणाले, "वा, ऋषीराव! हात आहे हो तुम्हाला."

घोडं अडलं ते टेस्टवर. ऋषीने रेडिएटर पाण्याने भरला, हातपंपाने दाब दिला, दाब दाखवणारा गेजचा काटा खाली उतरला नाही म्हणून खूश झाला आणि पाणी काढून टाकलं. चहा पिऊन होईपर्यंत सगळं आटोपलं.

"एवढ्यात झाली टेस्ट?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"हो बाबा. प्रेशर होल्ड झालं ना."

"आमच्याकडे टाकी भरून ठेवतात. गळती काही लगेच तोंड दाखवत नाही."

ऋषी नुसता हसला. सासऱ्यांशी वाद घालायची त्याची रीतच नव्हती. पण ते हसू म्हाताऱ्याला झोंबलं. बाळंतिणीची खोली, आत उकळतं पाणी फिरणार, आणि टेस्ट एका कपभर चहाची? दुसऱ्या दिवशी दुपारी प्लंबर यायचा होता. संध्याकाळी ऋषी सावनीला डॉक्टरकडे घेऊन गेला तसे हे उठले, बादल्या वाहून रेडिएटर काठोकाठ भरला, बुचं आवळली आणि आत येऊन वरणभात जेवले. सकाळी पाणी काढू, थेंब दिसलाच तर जावयाला दाखवू, नाहीतर कुणाला पत्ताही लागायचा नाही, असा हिशेब. नागपुरात हेच शहाणपण ठरलं असतं. इथे जानेवारी होता आणि गॅरेजला हीटिंग नव्हतं. एवढी साधी गोष्ट काही त्यांच्या डोक्यात आली नाही.

सकाळी बूच फिरेना. पान्याने जोर लावून काढलं आणि आत बोट घातलं, तर बर्फ! पाणी गोठलं की फुगतं हे शाळेतलं पोरही सांगेल. आणि बीड वाकत नाही, सरळ तडकतं, हे तर त्यांनी स्वतः कितीतरी ज्युनियर पोरांना शिकवलेलं.

घरातला छोटा हीटर आणून त्यांनी तो रेडिएटरसमोर लावला. बर्फ वितळला, पाणी काढलं, फरशी पुसली, प्रत्येक कप्प्यावरून बोटं फिरवली. तडा सापडला नाही. नसेलच गेला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि पुन्हा पहिल्या कप्प्यापासून बोटं फिरवायला घेतली. तेवढ्यात ऋषी दारात आला. त्याने हीटरकडे पाहिलं, ओल्या फडक्याकडे पाहिलं.

"थंडी फार आहे ना, बाबा?"

"हो, जरा हात शेकत होतो."

ऋषी पुन्हा एकदा हीटरकडे बघून आत गेला.

जेवताना सुमित्राबाईंनी दोनदा विचारलं, "अहो, बरं नाही का?" तेव्हाच सांगून मोकळं व्हायचं की नाही! पण जावयासमोर कुठल्या तोंडाने सांगणार? आपण लेकीकडचे, बाळंतपण करायला आलो, आणि त्याच्या दोन महिन्यांच्या मेहनतीची माती केली?

दुपारी प्लंबर आला. डॅन त्याचं नाव. तो, त्याचा जोडीदार आणि ऋषी यांनी रेडिएटर वर नेला, खिडकीखाली बसवला, पाइप जोडले. एवढ्यात सावनी धुतलेली झबली घेऊन आली आणि रेडिएटरला खेटूनच स्टुलावर बसली.

"सावनी, तू खाली बस ना," ऋषी म्हणाला.

"का?"

"असंच. धूळ आहे."

"कुठेय धूळ? यार ऋषी, पॅनिक नको करू. मला पहिली ऊब इथेच बसून घ्यायचीय."

ऋषीने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे खिडकीबाहेर बघत होते. गरम पाणी सोडायला डॅनने व्हॉल्व्हला हात घातला.

"स्टॉप!" त्र्यंबकराव एवढ्या मोठ्याने ओरडले की डॅन दचकलाच. "ऊठ तिथून, सावनी! आधी ऊठ! मी... मी काल त्यात पाणी भरून ठेवलं होतं. गोठलं ते. तडा गेला असेल."

ऋषीने तिला हाताला धरून उठवलं आणि दाराशी नेलं; झबली स्टुलावरच राहिली. काय झालं ते त्याने डॅनला इंग्रजीत सांगितलं. डॅनने सगळ्यांना मागे सरकवून खात्रीसाठी व्हॉल्व्ह हळूच, अगदी थोडा उघडला. क्षणभर काही झालं नाही. मग शेवटच्या कप्प्यातून वाफाळत्या पाण्याची बारीक धार सुटली ती थेट स्टुलावर, झबल्यांवर. डॅनने झटकन व्हॉल्व्ह बंद केला. कप्पा बदलावा लागेल, असा जुना शोधायला वेळ लागेल, एवढं सांगून तो खाली गेला.

ऋषी म्हणाला, "मला सकाळीच शंका आली होती."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?" त्र्यंबकराव थक्क झाले.

"तुम्हाला कसं विचारणार, बाबा? बरं दिसलं नसतं."

सावनीने ओल्या झबल्यांकडे बघितलं आणि तिचा बांध फुटला. "बरं दिसलं नसतं? बाबांना सांगायची लाज, तुला विचारायची लाज! आणि मी तिथे बसलेय, पोटात बाळ घेऊन! तुमच्या मानापमानात भाजून निघालो असतो आम्ही दोघं, कळतंय का?"

"चुकलं गं माझं," त्र्यंबकराव म्हणाले. "ऋषीराव, फार चुकलं."

"माझंही," ऋषी पुटपुटला.

"ते ठेवा तुमच्यापाशी," सावनी म्हणाली. "बाळ कुठे झोपणार ते सांगा."

"आमच्या खोलीत," सुमित्राबाई दारातून म्हणाल्या. "ती गरम आहे. आम्ही दोघं इथे पडू, ब्लँकेटं घेऊन."

त्र्यंबकराव तडक आपल्या, पाहुण्यांच्या खोलीत गेले आणि गादीची एक बाजू उचलून दारापर्यंत ओढत आणली. ऋषी धावला. "बाबा, अहो, तुम्ही कशाला? इथे थंडीत तुम्ही कसे..."

"पुरे!" त्र्यंबकराव म्हणाले. "आता माझा मान ठेवू नका, गादीचं ते टोक धरा."