उघडा कोपरा

तेराव्याला कमळचे कपडे वाटून झाले, तरी एक दुपटं घरातच राहिलं. तिच्या नवऱ्याने, गेणबाने, त्याला कुणाला हात लावू दिला नाही. दुपटं जवळजवळ शिवून झालं होतं. एक कोपरा तेवढा उघडा होता आणि तिथेच कमळची सुई दोऱ्यासकट टोचलेली होती.

दुपटं घरचं नव्हतं. बावधनच्या ज्ञानदाचं होतं. डिझाइन शिकलेली ही मुलगी तान्ह्या बाळांसाठी वस्तू करायची. प्लास्टिक नाही, भडक रंग नाहीत. जुन्या सुती साड्यांची दुपटी, लंगोट, झबली, धुवायला रिठ्याची पूड. कमळच्या गावातल्या, घोटावड्यातल्या काही बाया तिच्यासाठी शिवायच्या. सगळ्यांत आधी कमळनेच सुरुवात केली होती.

दोघींचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. वाकळ असो की दुपटं, शेवटचा कोपरा बंद करण्याआधी कमळ आत चार तांदूळ टाकायची. पांघरूण उपाशी ठेवू नये, असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं. पण बाळाचं दुपटं रोज धुतलं जातं. आतले तांदूळ कुजले, कोपऱ्यांना बुरशी धरली आणि दोन दुपटी परत आली.

"मावशी, आता तांदूळ नाही घालायचे," ज्ञानदा म्हणाली.

"चार दाण्यांनी तुजं गिऱ्हाईक मरतंय व्हय गं?"

"मरत नाही, पण फोन करून माझा जीव खातं."

कमळला हसू आलं. तांदूळ तिने बंद केले. पण पुढे प्रत्येक दुपटं पिशवीत घालताना ती पुटपुटायची, "जा बाई, उपाशीच जा."

दसरा झाल्यावर ज्ञानदा आली. ओसरीवर बसली. बराच वेळ कमळबद्दलच बोलली. मग हळूच म्हणाली, "काका, ते दुपटं ज्यांनी सांगितलं होतं त्यांना बाळ झालंय. एक कोपराच राहिलाय. शारदाताई शिवून देतील."

शेजारची शारदा दारातच उभी होती. "देते की. घटकाभराचं काम हाय."

गेणबाला एक गोष्ट माहीत होती, ती या दोघींना माहीत नव्हती. श्रावणात ज्ञानदाकडून जुन्या साड्यांचं गाठोडं आलं होतं. त्यात सगळं नायलॉन. सुती कापड औषधालाही नव्हतं. तेव्हा कमळने पेटीतून स्वतःचं हिरवं लुगडं काढलं आणि दुपट्याच्या आत घातलं.

"अगं, नेसायला ऱ्हाऊ दे की," तो म्हणाला होता.

"लई नेसून झालं. धुऊन धुऊन कसं मऊ पडलंय बगा. बाळाच्या अंगाला ह्येच बरं."

हे सांगितलं तर दुपटं इथेच राहणार होतं. मेलेल्या माणसाचं कापड तान्ह्या बाळाला कोण घालील? गप्प राहिलं तर ते जाणार होतं आणि त्या आईला कधीच कळणार नव्हतं. दुपटं राहावं असं त्याला फार वाटत होतं. खरं बोलण्यात आपलाच फायदा आहे, याचीच त्याला लाज वाटली. तरी तो बोलला.

"आत्ता गं बया!" शारदा म्हणाली. "ताई, न्हेऊ नका. लेकराच्या अंगावर असलं कुनी घालत न्हाई."

ज्ञानदा म्हणाली, "मी त्यांना विचारते. न सांगता देणार नाही."

ती रिकाम्या हाताने गेली. गेणबाला सुटल्यासारखं झालं. दिवाळी आली तशी गेली. रोज निजायच्या आधी तो दुपट्यावरून हात फिरवायचा आणि सुईला मात्र धक्का लागू द्यायचा नाही.

दिवाळीनंतर ज्ञानदा पुन्हा आली. या वेळी बरोबर बाळाला घेतलेली एक मुलगी होती, किमया. दुपटं तिनेच सांगितलं होतं. औशाकडची. नवरा हिंजवडीत कंपनीत. सव्वा महिना झाल्यावर पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती.

"आमच्याकडंही असं कापड वापरत नाहीत," ती म्हणाली. "सासूबाई नकोच म्हणाल्या."

"मग कशाला आलीस, पोरी?"

"माझी आई दोन वर्षांमागं गेली. तिच्या साड्या आम्ही सगळ्या वाटून टाकल्या. बाळंतपणात आठवण झाली, तर घरात तिची एक चिंधीसुद्धा नाही." तिने बाळाला खांद्यावर घेतलं. "मावशींनी हे शिवलं, तेव्हा त्या होत्या ना, काका?"

"व्हती की. तू बसलीस ना, तितंच बसली व्हती."

"मग मला चालतंय. पण तुम्ही द्याल तरच."

गेणबाने बाळाकडे पाहिलं. "पोरगी का पोरगा?"

"मुलगी."

तो उठून आत गेला. बराच वेळ आला नाही. तो देत नाही असं समजून किमया पिशवी आवरायला लागली. तेवढ्यात तो दुपटं घेऊन बाहेर आला. दुसऱ्या मुठीत तांदूळ होते.

"ताई," तो ज्ञानदाला म्हणाला, "ह्ये सडत्यात, म्हाईत हाय मला."

ज्ञानदाने मान खाली घातली. "घाला काका. खराब झाले तर मी उसवून नवे घालीन."

त्याने चार दाणे कोपऱ्यात टाकले. मग सुई धरली. एवढे दिवस तिला हात लावला नव्हता. ती थोडी गंजली होती, जोर लावावा लागला. हात पोती शिवायची सवय असलेला. टाके एवढे मोठे पडायला लागले की शारदाला राहवेना.

"अवो भावजी, भाताचं पोतं न्हाई त्ये!"

"गप गं. शिवतुया न्हवं मी."

शारदा पदराने डोळे पुसत बघत राहिली.

कोपरा बंद झाला. दोरा त्याने दाताने तोडला. दुपट्याची घडी करून किमयाच्या हातात दिली. तिने ती उलगडून तिथेच बाळाच्या अंगावर घातली.

गाडी गेल्यावर गेणबा ओसरीवर आला. सुई अजून बोटांतच होती. कोनाड्यात पाहिलं, डबा उघडून पाहिला, पुन्हा बाहेर आला. सुई कुठे ठेवायची ते त्याला माहीत नव्हतं. ती नेहमी कमळच ठेवायची.