पुढून कोट, मागून अंगद

अंगदला व्हिसा मिळाला आणि मी विमानात बसून जॉर्जियाला जाऊन आलो.

मित्रांनो, वरचं वाक्य चुकून आधी पडलं. ते तुम्ही वाचलेलं नाही आणि मीही कुठं गेलेलो नाही. आता रीतसर सुरुवात करतो.

मी एक जुना कोट आहे. पुढून.

मागून मी काही नाही. मला दोन बाह्या आहेत, कॉलर आहे, बटणं आहेत (त्यातली दोन सख्खी, बाकीची सावत्र), पण पाठ नाही. पाठीच्या जागी दोन नाड्या आहेत. तुम्ही म्हणाल, ही काय अवस्था. मी म्हणतो, ही प्रगती आहे.

माझा जन्म बीडला बद्रीनाथ टेलर यांच्या मशीनवर झाला. सुंदररावांच्या लग्नासाठी मला शिवलं. रंग निळा, अस्तर गुळगुळीत, आणि पाठ तर अशी की वऱ्हाडी मागून बघून म्हणत, "पाठीत लई झ्याक बसलाय." लग्न ऐन मे महिन्यातलं. अक्षता पडेपर्यंत सुंदररावांनी कसंबसं सोसलं आणि मग सर्वांसमक्ष शपथ घेतली, "पुन्हा ह्यो कोट अंगात घातला तर नाव बदलीन!" नाव बदलावं लागलं नाही. मी ट्रंकेत गेलो. डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात माझी बरीच वर्षं गेली. तिथं अंधार होता, पण मी पूर्ण होतो.

पुढं सुंदररावांच्या मुलानं, अंगदनं, मांजरसुंब्याच्या चौकात फोटो स्टुडिओ काढला आणि मला नोकरी लागली. काम सोपं होतं. पासपोर्ट साइज फोटोला येणाऱ्याच्या अंगावर चढायचं आणि तो साहेब आहे असं भासवायचं. पण अडचण मापाची. पोलीस भरतीची पोरं माझ्यात दोन-दोन मावायची आणि भावी सरपंच आप्पाराव एकटेही मावेनात. अंगदनं फार विचार केला नाही. कात्री घेतली आणि माझी पाठ कापून काढली. ती स्कूटीच्या फाटक्या सीटवर शिवून टाकली. आजही मांजरसुंब्यात माझ्या पाठीवर लोक बसतात. हे मी रागानं सांगत नाही, पत्ता म्हणून सांगतो.

त्यानंतर माझे दिवस पालटले. न्हाव्याकडचा कपडा घालतात तसं मला समोरून चढवायचं, मागं अंगद नाड्या बांधायचा, आणि कुणीही माझ्यात मावायचा. मी भरतीच्या अर्जांवर गेलो, बँकेच्या पासबुकात गेलो. चौकात केजच्या रस्त्याला बघा नाहीतर पाटोद्याच्या रस्त्याला, बॅनरवरून शुभेच्छा देणारा मीच. एका बॅनरवर तर मी आठ मुंडक्यांखाली एकाच वेळी होतो आणि ते आठही जण एकमेकांचे विरोधक होते. मित्रांनो, सर्वपक्षीय एकजूट म्हणतात ती हीच.

मग एक दिवस तेजश्री आली.

तिला डॉक्टरकीला जॉर्जिया नावाच्या देशात प्रवेश मिळाला होता. पासपोर्टसाठी फोटो हवा होता. ती आत येत म्हणाली, "ओ भाऊ, फोटो काढायचाय."

मित्रांनो, 'भाऊ' हा शब्दही तुम्ही वाचलेला नाही.

तिनं मला उलटंपालटं करून बघितलं. "अन् ह्याची पाठ कुठंय?"

"पासपोर्टवर पाठ दिसत न्हाई," अंगद म्हणाला.

"अन् मागून कुणी बघितलं तर?"

अंगद माझ्या नाड्या बांधत होता. तो म्हणाला, "मागं मी हाय की."

फोटोत डोळे मिटले म्हणून दुसरा काढला. दुसऱ्यात हसू आलं म्हणून तिसरा काढला. तिसरा छान आला होता, तरी चौथा काढला. दोन्हीकडच्या घरच्यांना पुढचं कळायला वेळ लागला नाही. साखरपुडा झाला आणि आठवड्यात ती उडून गेली. लग्न ती डॉक्टर झाल्यावर. तोवर ठरलं असं, की एका वर्षी तिनं यायचं, एका वर्षी यानं जायचं. भेट चुकवायची नाही.

पहिल्या वर्षी ती आली. त्या येण्यासाठी तिनं तिकडं एका हॉटेलात सुट्टीभर बश्या धुतल्या होत्या. आल्यावर तिनं माझी नाडी घट्ट केली, मला खुंटीवर नीट टांगलं आणि अंगदला सांगितलं, "आता पाळी तुझी."

अंगदकडं पैसा मोजायची स्वतःची पद्धत होती, फोटोच्या ऑर्डरींत. विमानाचं तिकीट म्हणजे तीन लग्नं. व्हिसाची फी, दिल्लीचा हेलपाटा आणि विमा मिळून एक लग्न, एक जावळ. त्यामुळं गावात कुणाचं जमत आलं की सर्वात जास्त आनंद अंगदला व्हायचा. मुलाकडच्यांनी मोटारसायकल मागितली, बोलणी फिसकटली, की नवरीच्या बापाआधी अंगद जेवण सोडायचा.

एक लग्न आणि एक जावळ जमल्यावर तो बीडला महांतेशच्या ऑनलाइन सेंटरवर गेला. महांतेश हा टायपिंगला वाघ. आता मित्रांनो, इथं नीट लक्ष द्या. अंगद जन्मला गेवराईत, कारण त्याच्या आईचं, विमलबाईंचं माहेर गेवराई आणि पहिलं बाळंतपण माहेरी. आणि इंग्रजीत गेवराई लिहायला घेतली की जी, ई, ओ, आर एवढी चार अक्षरं जॉर्जियाचीच असतात. महांतेशनं चार अक्षरं दाबली. पुढचं कॉम्प्युटरनं प्रेमानं भरून टाकलं. जन्मस्थळ: जॉर्जिया. जायचं कुठं: जॉर्जिया.

अर्ज नामंजूर झाला. फी परत येत नाही.

सुंदररावांना अर्धवटच कळलं. ते तावातावानं उठले, "गेवराईनं व्हिसा नाकारला? गेवराईनं? आरं तिथं माझा मेव्हणा हाय, एक फोन लावतो!"

"आबा, जॉर्जिया."

"तेच की. तिकडं जायला एसटी असताना इमान कशाला पाहिजे रं तुला?"

अंगद हसला नाही. एरवी तो हसला असता. तेव्हाच तेजश्रीचा फोन आला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "तुला न्हाई जमलं तर मी येते. परीक्षेची फी भरायची ठेवलीय, ती मोडते. वर्ष गेलं तर गेलं."

अंगद म्हणाला, "वर्ष न्हाई जाणार. मीच येतो." फोन ठेवून त्यानं माझ्याकडं बघितलं. खिशात काही नसलेला माणूस कोटाकडं बघतो तसं.

चातुर्मास चालू होता. तुळशीच्या लग्नापर्यंत माणसांची लग्नं बंद. जावळं संपली होती, आप्पारावांचा वाढदिवस लांब होता. आणि तेवढ्यात पोळा आला.

मित्रांनो, बैल हा प्राणी मोठा असतो, पण पुढून बघितलं तर त्याला कोट बसतो. अट एवढीच, की कोटाला पाठ नसावी. अंगदनं चौकात पाटी लावली, 'आपल्या राजाचा कोटातील फोटो काढून मिळेल'. पुढच्या दोन पायांत माझ्या बाह्या, मागं नाडी, शिंगांना गोंडे. पहिल्या बैलाचा फोटो बघून त्याचा मालक गहिवरला. "माझ्या लग्नात मी एवढा दिसलो न्हवतो," तो म्हणाला. मग रांगच लागली. एका बैलाचा तर बॅनर झाला आणि तो आप्पारावांच्या बॅनरशेजारी लागला. कोट तोच असल्यानं आप्पारावांना दोन दिवस खुलासा करावा लागला.

दुसऱ्या फीचं असं जमलं. या वेळी महांतेशनं गेवराई एका बोटानं, एकेक अक्षर म्हणत लिहिली. दिल्लीहून मुलाखतीला बोलावणं आलं.

दिल्लीत वकिलातीच्या गेटवरच्या चौकीदारानं माझ्या नाड्या बांधल्या आणि म्हणाला, "भाईसाब, पीठ मत दिखाना." आत एक मॅडम होत्या. समोर दोन्ही अर्ज.

"पिछली बार लिखा, जन्म जॉर्जिया. इस बार गेवराई. आख़िर पैदा कहाँ हुए?"

"गेवराई में, मॅडम. मामा के घर. हमारे में पहिला बाळंतपण माहेर में होता है."

मॅडमना बाळंतपण कळलं नाही, पण प्रामाणिकपणा कळला. त्यांनी पुढचं विचारलं, "वापस आओगे, इसका क्या सबूत है? नौकरी? ज़मीन?"

आता मित्रांनो, इथं भलेभले अडखळतात. अंगद सरळ म्हणाला, "कोट लौटाना है, मॅडम."

"किसको?"

"पूरे गाँव को." त्यानं मोबाइल काढून चौकातला बॅनर दाखवला. आठ मुंडकी, आठही ठिकाणी मी. "छब्बीस जनवरी को आप्पाराव का बड्डे है. ये कोट नहीं पहुँचा, तो बॅनर नहीं लगता."

मॅडमनी फोटो पाहिला. मग मला पाहिलं. मग बोटानं फोटो पुढं सरकवला. "और ये बैल?"

"उसको भी यहीच लगता है."

मॅडमनी दोन्ही अर्ज एकावर एक ठेवले. मग म्हणाल्या, "ठीक है. बता देंगे."

आता उठून बाहेर पडायचं होतं, आणि दार होतं मागं. वळला तर सगळं उघडं. अंगदला नारायणगड आठवला. दर्शन झालं की माणसं देवाला पाठ न दाखवता, हात जोडून, उलट्या पावलांनी बाहेर येतात. तो तसाच निघाला. हात जोडलेले, नजर खाली, एकेक पाऊल मागं. वाटेत एका कुंडीला धक्का लागला, तर तिलाही नमस्कार केला. मॅडम खुर्चीतून उठल्या आणि त्यांनीही हात जोडले. त्या कचेरीतून इतक्या आदरानं त्याआधी कुणी बाहेर पडलं नसावं.

पुढं काय झालं ते तुम्ही पहिल्या ओळीत वाचलेलं नाही, म्हणून इथं सांगतो. व्हिसा आला. तुळशीचं लग्न लागलं, पाठोपाठ तीन नवरदेव बोहल्यावर चढले, तिकीट निघालं.

निघताना विमलबाई म्हणाल्या, "लई थंडी हाय म्हणं तिकडं. कोट घालूनच जा."

"आई, याला पाठ न्हाई."

"वारा समोरून येतो रे बाळा."

विमानतळावर तपासणीवाल्या जवानानं मला ट्रेमध्ये उलटून पाहिलं. "इसका पीछे का कहाँ है?"

"पीछे का स्कूटी पे है, सर."

जवानानं वरिष्ठांकडं पाहिलं. वरिष्ठांनी छताकडं पाहिलं. आम्ही गेलो.

तिकडं उतरलो तेव्हा बर्फ पडत होता. बाहेरचं दार उघडलं आणि वारा आला तो नेमका मागून. विमलबाईंचा अंदाज तेवढा एक चुकला. अंगद कुडकुडत उभा राहिला. समोरून तेजश्री पळत आली, जाड जॅकेटात, नाक लाल. ती थांबली नाही. येऊन आदळलीच.

इतकी वर्षं मी सगळ्यांच्या पुढं असायचो, पण कधी दोघांच्या मधे सापडलो नव्हतो. माझी सावत्र बटणं एकदम दबली. तिचे हात मागं गेले, आणि मागं तर मी नव्हतोच. मागं नुसता अंगद होता, गार पडलेला. आणि लोंबणाऱ्या दोन नाड्या.

तिनं दोन बोटांनी नाडी धरली, डॉक्टर धरतात तशी. "नाडी लई ढिली पडलीय."

"डॉक्टरीणबाई, पेशंट वाचंल का?"

"वाचंल. पण दरवर्षी दाखवायला यावं लागंल."

"दरवर्षी कसं यायचं गं? चातुर्मास असतोय. बैल पण वर्षातून एकदाच." तो हसत होता, पण आवाज हसत नव्हता. "कोण बघंल मागनं?"

तिनं नाडीची गाठ मारली. घट्ट. मग आपलं जॅकेट उघडून त्याच्या पाठीवर अर्धं ओढलं.

"मागं मी हाय की," ती म्हणाली.

मित्रांनो, मी वेळेत परत आलो. आप्पारावांचा बॅनर लागला. तेजश्रीनं परीक्षेची फी भरली आणि ती वरच्या वर्गात गेली. मी पुन्हा खुंटीवर आहे. तिनं मारलेली गाठ अंगद सोडत नाही, त्यामुळं गिऱ्हाइकांना मला डोक्यातून घालावं लागतं आणि आप्पाराव त्यात दोनदा अडकले. तेव्हा माझी तुम्हाला एवढीच शिकवण आहे: जुन्या कोटाची पाठ कापू नका, कापलीच, तर मागं कोणीतरी उभं राहील एवढी तजवीज करा. आणि पुढच्या वर्षी येण्याची पाळी तिची आहे, म्हणून खालील अर्ज मी आजच करून ठेवतो.

प्रति, मा. आगारप्रमुख महोदय. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, मांजरसुंबा ते जॉर्जिया, मार्गे गेवराई, अशी साधी बस दररोज सुरू करण्यात यावी. दोन्ही गावांची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं एकच असल्यानं नवीन पाटी रंगवण्याचा खर्च शासनावर पडणार नाही. परतीच्या बसमध्ये तेजश्री यांच्यासाठी खिडकीची एक जागा कायमस्वरूपी राखीव ठेवावी. तसेच अर्जदार हा केवळ पुढूनच कोट असल्यानं त्यास अर्धे तिकीट मंजूर करण्यात यावे, ही नम्र विनंती.